जांभळ्या साडीतली सावत्र आई

पार्वतम्मा माणसांना तोंडावरून कमी आणि कापडावरून जास्त ओळखायची. गल्लीच्या टोकाला कुणी वळलं की तिला आधी पदर दिसे, मग त्यातली बाई. कुणाची साडी कितव्या वर्षी विरायला लागली, कुणाच्या नवऱ्याचा सदरा आधी कोपरावर फाटतो आणि कुणाचा काखेत, हे तिला तोंडपाठ असे. उदगीरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या गल्लीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. मुलगा गुरुलिंग लहानपणापासून आईला कानडीत अव्वा म्हणायचा, म्हणून शेजारणी अव्वा म्हणू लागल्या, मग भाजीवाली, मग गॅसची टाकी आणणारा. वय सहासष्ट. दिवसभर दाराशी पोतं अंथरून बसायची, एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि मांडीवर कुणाची ना कुणाची वाकळ.

बिदरकडच्या एका खेड्यातून पंधराव्या वर्षी ती लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला मराठीचे चार शब्द येत होते, आणि त्यातले दोन शिव्या होत्या. सासूनं भाषा शिकवायच्या आधी टाका शिकवला. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर फाटक्या कपड्यांची ठिगळं मांडायची आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मधल्या चौकोनापर्यंत आत जायचं. सासूचा नियम एकच होता. लोकांच्या वाकळीत काय वाट्टेल ते घाल, घरच्या वाकळीत घरच्या माणसाच्या अंगाला लागलेलंच कापड जाईल. शिंप्याकडून कितीही देखणा तुकडा मिळाला तरी तो बाहेर.

त्यामुळं त्या घरातली वाकळ नुसती पांघरायची नसे, वाचायची असे. पोरं पालथी पडून ठिगळावर बोट ठेवत आणि विचारत, "ही कुणाची?" मोठं माणूस सांगे, आज्जाच्या धोतराची, आत्याच्या परकराची, काकाच्या इजारीची. गुरुलिंग असाच शिकला, त्याची पोरगी साक्षीही तशीच शिकली. पाच वर्षांच्या साक्षीनं बापाच्या बापाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा निळ्या रेघांचा सदरा तिला ठाऊक होता. घरात नवी सून आली आणि तिची पहिली साडी फाटली की तिचाही तुकडा वाकळीत पडायचा. त्याचा कुणी गाजावाजा करत नसे. पण बायकांना कळायचं.

साक्षीच्या वाकळीत मधोमध पिवळी साडी होती, तिच्या आईची, महादेवीची. साक्षी दीड वर्षाची असताना महादेवीला ताप आला. उदगीरहून लातूरला नेलं आणि पाचव्या दिवशी ती गेली. गेलेल्या माणसाचं कापड लेकराच्या अंगावर घालू नये, असं शेजारच्या शांतम्मानं दोनदा बजावलं. अव्वानं ऐकून घेतलं आणि पिवळी साडी मधल्या चौकोनात लावली. ऊब ती ऊब, तिला काय ठाऊक कोण गेलं आणि कोण राहिलं, एवढंच ती म्हणाली.

एसटीच्या वर्कशॉपात नोकरी करणारा गुरुलिंग दुसऱ्या लग्नाला तयार नव्हता. दोन वर्षं अव्वानंच त्याच्या मागं टुमणं लावलं. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, पण ते सोपं होतं. साक्षी तिच्याच हातानं जेवायची, तिच्याच कुशीत झोपायची, आणि अव्वाला अलीकडं सुईत दोरा ओवायला पोरीलाच हाक मारावी लागत होती. आपण आहोत तोवर ठीक. नंतर ही कुणाच्या हातानं जेवायची, हा प्रश्न तिला दुपारच्या वेळी, हात चालू असताना मध्येच गाठायचा आणि टाका वाकडा पडायचा.

शेवटी अहमदपूरची ऋतुजा आली. एकतीस वर्षांची, पहिलं लग्न मोडलेली, शांत, कामाला चटपटीत. तिला येऊन आठ महिने झाले. साक्षी तिला काहीच म्हणत नसे. आई नाही, मावशी नाही, काही नाही. पाणी हवं असलं की तिच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि भिंतीला सांगायची, "पाणी पायजे." ऋतुजा भिंतीच्या वतीनं पाणी द्यायची.

पुस्तकांचं सुरू झालं ते लुंबिनीमुळं. लुंबिनी गल्लीतल्या अंगणवाडीची बाई, साक्षी तिच्याचकडं जायची. एक दिवस ती पिशवीभर फाटकी पुस्तकं घेऊन अव्वाच्या दाराशी येऊन बसली. परदेशातल्या जुन्या गोष्टी, मोठमोठी चित्रं, पानापानाला दोन ओळी.

"आमची लेकरं पुस्तकं वाचत न्हाईत अव्वा, खातेत," ती म्हणाली. "हे बगा, ह्या राजवाड्याचा कळस आनंदराजनं गिळला. कापडाची करून देता का? धुता येतील, चावलं तरी बिघडणार न्हाई."

अव्वानं चष्मा लावून वरचं पुस्तक उघडलं. "हे काय हाय? डुकरं?"

"तीन भाऊ हायेत. घरं बांधतेत."

"लिंगायताच्या म्हातारीला डुकरं शिवायला लावतीस व्हय गं?"

"शिवायचीच हायेत, शिजवायची कुठं म्हणले?"

अव्वा हसली आणि अडकली. कानडीत चौथी शिकलेली ती, मराठी अक्षरं गुरुलिंगच्या शाळेच्या पुस्तकांवरून उचललेली, बोट ठेवून सावकाश वाचायची. वाचून झालं की मिटायची आणि तिला पटेल तसं शिवायची. एका भावाचं घर कडब्याचं केलं, दुसऱ्याचं तुराट्यांचं. लांडगा तिनं लहानपणी मेंढरांमागं फिरताना खरोखर पाहिला होता, म्हणून तिचा लांडगा बरगड्या मोजता येतील असा झाला. लुंबिनी म्हणाली, पोरं ह्याला भ्यायची न्हाईत, भाकर देतील. अव्वा म्हणाली, लांडगा वाळकाच असतो, पोट भरलेलं असतं तर आला कशाला असता. पोरांनी खरोखरच त्या लांडग्याला डब्यातला खाऊ चारला आणि ते पुस्तक चार वेळा धुवावं लागलं. मग आजीकडं फराळ घेऊन निघालेली पोर झाली, मग काट्यांच्या कुंपणात झोपलेली राजकन्या. अंगणवाडीतल्या पोरांना ही पुस्तकं इतकी रुळली की ती घरी जाऊन आयांचे पदर ओढून विचारू लागली, हे कापड कुठल्या गोष्टीत जाणार हाय. अव्वाही हौसेला पेटली. अंगणवाडीची पुस्तकं म्हणजे बाहेरचं काम, पण गाठोड्यातल्या हाताशी होत्या त्या चिंध्या बहुतेक तिच्याच घरच्या. सासूचा नियम उलटा झाला होता, घरचं कापड बाहेर चाललं होतं, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

चौथं पुस्तक चुलीच्या राखेत बसणाऱ्या पोरीचं होतं. आई मेलेली, सावत्र आई छळणारी, मग एक म्हातारी येऊन तिला कपडे देते आणि पोर राजाच्या घरी जाते. मूळ चित्रात राजवाड्यात नाच होता, अव्वानं तिथं लग्नाचा मांडव घातला. काचेचा जोडा तिला मान्य नव्हता, काच पायात कुणी घालतं का, म्हणून तिनं जुन्या घागऱ्याच्या चमकीची चप्पल केली. पहिल्या पानावरच्या मेलेल्या आईला तिनं महादेवीची पिवळी साडी नेसवली. राजा गुरुलिंगच्या सदऱ्याचा झाला. कपडे देणाऱ्या म्हातारीला तिनं स्वतःच्या हिरव्या इरकलीचा तुकडा दिला, आणि त्याबद्दल तिला थोडी लाजही वाटली नाही.

राहिली सावत्र आई. गाठोड्यात त्या दिवशी दोन तुकडे वर होते. एक मरून, शांतम्माच्या जुन्या पडद्याचा. एक जांभळा, मागच्याच महिन्यात ऋतुजाची साडी मोटारसायकलच्या चाकात अडकून फाटली होती, तिचा. त्या सकाळी ऋतुजानं स्वयंपाकघरातले डबे घासले होते. डब्यांवर महादेवीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, तिच्या ठसठशीत अक्षरात, हरभरा, तूर, कारळ. चार वर्षांत त्या पिवळ्या पडल्या होत्या पण होत्या. ऋतुजानं डबे लखलखीत करून उन्हात पालथे घातले तेव्हा पट्ट्या घासणीबरोबर निघून गेल्या होत्या. अव्वानं एक डबा उचलून पाहिला, परत पालथा घातला. दाराशी येऊन बसली आणि जांभळा तुकडा उचलला. रंग राणीसारखा दिसतो, असं तिनं स्वतःशी म्हटलं.

दसऱ्याच्या आधी अंगणवाडीत आयांचा मेळावा होता. लुंबिनीनं पोरांना सांगितलं, आईला घेऊन या. साक्षी सकाळी अव्वाजवळ येऊन बराच वेळ चिंध्या चिवडत बसली, मग म्हणाली, "तिला यायचं असंल तर येऊ दे."

आत ऋतुजाच्या हातातलं लाटणं थांबलेलं अव्वाला ऐकू आलं. मग ऋतुजानं पोरीची वेणी घातली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. साक्षी डोकं ताठ धरून बसली होती, फोटो काढायला बसवल्यासारखी. तिघी मिळून गेल्या, अव्वा काठी टेकत पुढं, मागं त्या दोघी, हात धरलेला नव्हता पण चालणं सारखं होतं. अव्वानं दोनदा मागं वळून पाहिलं.

अंगणवाडीच्या खोलीत पंधरा-वीस बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुंबिनीनं अव्वाची ओळख करून दिली, बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि नवं पुस्तक पहिल्यांदा उघडायचा मान साक्षीला दिला. साक्षी मधोमध उभी राहिली. तिनं पान उघडलं, आणि तिला कापड दिसल्यावर जे करायची सवय होती तेच केलं. बोट ठेवलं.

"ही माझ्या आईची," ती म्हणाली. पिवळ्या साडीवर तिनं हात फिरवला. पान उलटलं. "ही बाबाच्या सदऱ्याची. ही हिरवी अव्वाची." बाया कौतुकानं हसत होत्या. मग जांभळी बाई आली, कमरेवर हात ठेवलेली, भुवया काळ्या दोऱ्यानं वर चढवलेल्या. पायाशी राखेत पोरगी.

साक्षीचं बोट टेकलं आणि तिथंच राहिलं. तिनं मान वर करून भिंतीशी बसलेल्या ऋतुजाकडं पाहिलं.

"ही तिची हाय," ती म्हणाली.

 मग दाराजवळची एक बाई शेजारणीला म्हणाली, "लेकराला बरोबर कळतंय बग." दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. लुंबिनीनं घाईनं पान उलटलं आणि मांडवाची गोष्ट मोठ्या आवाजात सुरू केली. अव्वाला ऋतुजाकडं पाहायचं धाडस झालं नाही. पाहिलं तेव्हा ती हसतच होती, मघाशी टाळ्या वाजवताना हसत होती तशीच, फक्त ते हसू काढून ठेवायला ती विसरली होती.

परतताना साक्षी अव्वाच्या काठीकडच्या बाजूनं चालत होती.

घरी आल्यावर ऋतुजानं भाकरी थापल्या, पिठलं केलं, साक्षीचं ताट वाढून पुढं केलं. साक्षीनं ताट घेतलं नाही. मागं सरकून अव्वाच्या कानाशी आली. "अव्वा, ती मला राखेत झोपवणार का?"

"गप," अव्वा म्हणाली.

"आपल्यात तर गॅस हाय. राख कुठून आणणार?"

 ऋतुजानं ताट झाकून ठेवलं आणि बाहेर जाऊन वाळलेले कपडे काढू लागली. एकेक कपडा झटकून, घडी घालून. गुरुलिंग कामावरून आला, दोघींच्या तोंडाकडं पाहून म्हणाला, "काय झालं?" दोघीही म्हणाल्या, काही नाही. त्यानं ते मान्य केलं, त्याला तेच सोयीचं होतं.

पुढचे दोन दिवस साक्षीनं भिंतीकडंही पाणी मागितलं नाही. माठापर्यंत हात पुरत नसताना ती पाटावर पाट ठेवून चढायची. एकदा दोन्ही पाट घसरले आणि ती पडली. ऋतुजा धावली तर पोर रडायची थांबून अंग चोरून बसली. अव्वानं ते दारातून पाहिलं. मी जाईपर्यंत ह्या दोघींत एक पायवाट पडावी म्हणून दोन वर्षं पोराचं डोकं खाल्लं, आणि माझ्याच हातानं तिच्यावर काटे टाकले, असं तिला वाटलं. कुणी म्हणालं असतं की मुद्दाम केलंस, तर ती भांडली असती. पण कुणी म्हणत नव्हतं, त्यामुळं तिला स्वतःशीच खरं बोलावं लागलं. मरून तुकडा तिथंच होता. तिनं जांभळा उचलला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लुंबिनीकडून पुस्तक मागून घेऊन आली. दुरुस्ती हाय, एवढंच म्हणाली. दाराशी बसून तिनं जांभळ्या बाईच्या भुवया आधी उसवल्या, मग पदराच्या कडेला कात्रीचं टोक घातलं. शेजारी स्वतःच्या हिरव्या इरकलीचा तुकडा काढून ठेवला होता. सावत्र आई मीच होते, असं तिनं ठरवलं होतं.

"अव्वा, काय करलालाव?"

ऋतुजा मागं उभी होती. हातात डाळ निवडायचं सूप.

"काय न्हाई. रंग विटका दिसतोय."

"नवीन कापड हाय ते. आठ महिन्यांचं."

अव्वानं कात्री खाली ठेवली. "वर पडलं होतं गं, हाताला लागलं." एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "न्हाई. डब्यावरच्या चिठ्ठ्या निघाल्या म्हणून मला राग आला होता. ते तसं बोलायचं सोडून मी असं केलं. तुला बोलले असते तर तू ऐकून घेतलं असतंस. ह्याचं काय करावं, मला कळंना."

ऋतुजा सूप टेकवून उंबऱ्यावर बसली. डाळीत बोटं फिरवत राहिली. खडा नव्हता तरी शोधत होती.

"चिठ्ठ्यांचं मला नंतर कळलं," ती म्हणाली. "घासताना वाटलं, जुना कागद हाय. नंतर ह्यांनी डबा बघून तोंड फिरवलं तेव्हा कळलं. मलाबी कुणी सांगत न्हाई ना अव्वा, ह्या घरात कशाला हात लावायचा आणि कशाला न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "ती साडी फाटली तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझ्या आईनं घेतलेली, रडायला पायजे होतं. पण साक्षी त्या वाकळीवर बोट ठेवून सांगत असते ना, मी ऐकत असते भांडी घासताना. मला वाटलं, आता तुमी माझाबी तुकडा घालाल. म्हणून मी ती धुऊन, इस्त्री करून तुमच्या गाठोड्यात वर ठेवली. वर. तुमच्या हाताला लागावी म्हणून."

 पन्नास वर्षांत अव्वानं गल्लीतल्या प्रत्येक बाईचं कापड वाचलं होतं, आणि घरातल्या बाईनं घडी घालून समोर ठेवलेलं तिला वाचता आलं नव्हतं.

"थांब, मी आत्ता काढते हे," ती म्हणाली आणि कात्री उचलली.

"नका काढू." ऋतुजानं पुस्तक तिच्या मांडीवरून घेतलं. "पोरीनं बघितलंय. आता काढलं तर तिला वाटंल, पकडली म्हणून पळाली."

ती पुस्तक घेऊन आत गेली. आतल्या खोलीत साक्षी पालथी पडून पाटीवर रेघोट्या ओढत होती. ऋतुजा तिच्याजवळ बसली नाही, चार हात लांब खिडकीखाली बसली. अव्वाला दारातून दोघी दिसत होत्या. ऋतुजानं पुस्तक उघडलं आणि पुस्तकालाच सांगायला लागली.

"एक होती जांभळ्या साडीतली बाई. तिला लगीन करून एका घरात आणलं."

पाटीवरची पेन्सिल चालू राहिली.

"घर चांगलं होतं. पण त्या घरात कुठं काय ठेवलंय ते तिला ठाऊक नव्हतं. चहा करायला गेली तर साखर सापडंना. कुणाला विचारावं तर लाज वाटायची."

"ती वाईट हाय," साक्षी पाटीकडं बघत म्हणाली.

"हाव. लई वाईट. तिचं पिठलं कुणी खात नव्हतं."

"पिठलं चांगलं करती. गाठी होतेत."

"गाठी होतेत का?"

"थोड्या."

"बरं झालं सांगितलंस, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तर त्या घरात एक पोरगी होती. ही बाई तिला हाक मारायची आणि पोरगी ओ द्यायची न्हाई."

पेन्सिल थांबली.

"कामून देत नव्हती?" ऋतुजानं पुस्तकाला विचारलं. "ते काय मला माहीत न्हाई. पुस्तकात लिहिलेलं न्हाई."

 बाहेरून एक टेम्पो गेला. अव्वानं हातातली कात्री तशीच हवेत धरली होती.

"ओ दिली असती," साक्षी म्हणाली, "तर पहिली आई रागावली असती."

ऋतुजानं मान खाली घातली. तिनं पान उलटलं, परत उलटलं, पहिल्या पानावर आली. पिवळी साडी. अव्वानं महादेवीला तिथं निजवलं होतं, उशाला दोन निळी फुलं, डोळे दोन बारीक टाक्यांत मिटलेले.

"ही का?" ती म्हणाली.

साक्षी सरकत सरकत आली. अजून हातभर अंतर होतं. "हाव. ती निजली हाय."

"मग पुढं कुठंच न्हाई ती. बघ, दुसऱ्या पानावर न्हाई. मांडवातबी न्हाई. लेकीच्या लग्नाला तिला बोलावलंच न्हाई कुणी."

साक्षीनं स्वतः पानं उलटून पाहिली. सगळी. शेवटच्या पानाची मागची बाजूही पाहिली. तिच्या तोंडावर राग आला, आणि तो अव्वावर होता. "अव्वानं तिला पहिल्या पानातच ठेवलं. एकटीला."

"आता?"

"उठवायची तिला."

"उठवून कुठं बसवायची?"

 साक्षीनं बोटानं पिवळं कापड एकदा चाचपलं, मग पुढचं पान उघडून जांभळं चाचपलं. भुवया नसलेली जांभळी बाई आता रागावलेली दिसत नव्हती, नुसती कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसत होती. "ह्या बाईला काय कुठं ठेवलंय ते म्हाईत न्हाई ना," साक्षी म्हणाली. "तिला पहिली आई सांगंल. तिच्याजवळ बसवायची."

ऋतुजा उठून दाराशी आली. डोळे पुसलेले होते पण ओले होते. "अव्वा, एक पान वाढवावं लागंल," ती म्हणाली. "पिवळं कापड उरलंय का?"

पिवळं उरलं नव्हतं. म्हणजे गाठोड्यात नव्हतं. अव्वाच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत महादेवीच्या पदराचा वीतभर काठ होता, कुठल्याच वाकळीसाठी नसलेला. साडेतीन वर्षांत तिनं तो दोनदाच बाहेर काढला होता, घरात कुणी नसताना. ती भिंतीला धरून उठली, गुडघे कुरकुरले, ट्रंकेचं झाकण वर गेलं. काठ बाहेर आणून तिनं ऋतुजाच्या हातात दिला. कात्रीही दिली.

"मी?" ऋतुजा म्हणाली.

"मग कोण? बस हितं. टाका लहान घाल."

ऋतुजाचा टाका लहान पडत नव्हता. तांदळाएवढा पाहिजे तिथं चवळीएवढा पडत होता, आणि ओळ अंगणवाडीच्या पोरांसारखी चालली होती. अव्वाचे हात शिवशिवत होते. तिनं ते पदराखाली घेतले. साक्षी दोघींच्या मध्ये उकिडवी बसून हुकूम सोडत होती. पहिल्या आईचे डोळे उघडे करा. जांभळीचा हात कमरेवरून काढा. त्यांच्यापुढं चहा ठेवा. कपात साखर हाय ना, बघा.

दिवस कलला तेव्हा पान झालं. सतरंजीवर दोन बाया शेजारी शेजारी, एक पिवळी, एक जांभळी, दोन्ही थोड्या तिरप्या, मध्ये दोन कप. जांभळीला नव्या भुवया साक्षीनं स्वतः घातल्या होत्या, अव्वानं सुई धरली आणि तिनं ओढली, त्यामुळं एक भुवई कानापर्यंत गेली होती.

अव्वानं पान लांब धरून पाहिलं. काही तरी राहिलं होतं.

"अगं, आणि पोरगी कुठं? हिला कुणाजवळ बसवायची?"

साक्षी चप्पल शोधत होती. गल्लीत पोरांचा आवाज सुरू झाला होता.

"ती न्हाई बसत," ती म्हणाली. "ती खेळायला गेली." आणि उंबऱ्यावरून उडी मारून गेली.

ऋतुजा दारात आली. "साक्षे, दिवा लागायच्या आत ये," तिनं हाक मारली.

गल्लीच्या वळणावरून, धावता धावता, मागं न बघता ओ आली.